विरजण, यीस्ट आणि भाचीची पीएचडी

दिवसभर बँकांची सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस आज जीवाणूंवर बोलणार आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, हिची मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी झाली. आता सिंगापूरला सिंथेटिक बायोलॉजीत पीएचडी करायची म्हणतेय. तू एमबीए आहेस, यात स्कोप आहे का ते तूच बघून सांग."

मी सवयीने एक्सेल उघडलं. चित्र काही बरं दिसेना. झायमर्जेन ही याच क्षेत्रातली गाजलेली अमेरिकन कंपनी. एप्रिल २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, ऑगस्टमध्ये एका दिवसात शेअरची जवळजवळ तीन चतुर्थांश किंमत गेली, आणि २०२३ मध्ये दिवाळं. त्याच वर्षी अमायरिसचंही. मी बहिणीला कळवून टाकलं, "डेटा सायन्सकडे वळव तिला."

दुसऱ्या दिवशी भाचीचाच फोन. "मामा, तू कंपन्या बघितल्यास. काम काय असतं ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मला वाटायचं, डीएनए म्हणजे कोड. लिहिला, पेशीत टाकला, चालला. ती म्हणाली, "तुझा सर्व्हर तुझा कोड फेकून देतो का? जीवाणू देतो." आपण घातलेलं जास्तीचं काम हे त्याच्यावर ओझंच. ज्याच्यात बिघाड होऊन ते काम बंद पडतं, तो हलका होतो, भराभर वाढतो, आणि बघता बघता भांड्यात त्याचंच राज्य. मग एकावर सगळं लादण्यापेक्षा काम दोघांत वाटलं तर? आपल्या विरजणातही एकटा जीवाणू नसतो. तिथे एकाने सोडलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं.

मग तिने मला २०१५ सालचा 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'मधला एक शोधनिबंध पाठवला. टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालं. त्याच्या वाटेवरचे रेणू सूक्ष्मजीवांकडून बनवून घ्यायचे होते. पहिला टप्पा ई. कोलाय या जीवाणूला चांगला जमतो, पुढचा यीस्टला. दोघांना एका भांड्यात ठेवलं, ग्लुकोज दिलं. यीस्टने त्याची दारू केली आणि जीवाणूची वाढ खुंटली. मग ग्लुकोज काढून झायलोज ही साखर दिली. ती यीस्टला खाता येत नाही. जीवाणू झायलोज खातो आणि ॲसिटेट सोडतो. ते साचलं तर त्याचीच वाढ रोखतं, पण यीस्टचं तेच जेवण! आता दोघांनाही एकमेकांची गरज. हाती आलं लिटरमागे ३३ मिलिग्रॅम. औषध नव्हे, औषधाच्या वाटेवरचे रेणू. मी इतक्या टीम बांधल्या, पण इन्सेन्टिव्हची इतकी चोख रचना मला एकदाही जमली नाही.

या निबंधाचे पहिले लेखक कांग झोउ. पीएचडी सिंगापूर-एमआयटी अलायन्समधून, हे काम अमेरिकेत एमआयटीत, आणि नंतर इथेच एनयूएसमध्ये प्राध्यापक. म्हणजे भाची ज्या वाटेने जायचं म्हणत होती, ती वाट आमच्या घरापासून चार स्टेशनांवर होती आणि मला पत्ता नव्हता. एनटीयू आणि एनयूएसचं मिळून स्केल्स हे केंद्र २०११ पासून सूक्ष्मजीवांच्या वस्त्यांवरच काम करतंय. एनयूएसमध्येच मॅथ्यू चांग यांच्या गटाने २०१८ मध्ये असा जीवाणू तयार केला, की तो आतड्यातल्या गाठीला चिकटतो आणि ब्रोकोलीतल्या घटकापासून कॅन्सरविरोधी द्रव्य बनवतो. उंदरांमध्ये गाठी कमी झाल्या. माणसांपर्यंत यायला अजून बराच वेळ आहे, हे भाचीनेच मला दोनदा बजावलं.

पैशांचं म्हणाल, तर सिंगा ही शिष्यवृत्ती चार वर्षं फी आणि विद्यावेतन देते. पुढच्या नोकरीचं मात्र माझं एक्सेल खोटं नव्हतं, आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही. "माहीत आहे मामा," एवढंच म्हणाली. बहिणीला मी परत फोन केला आणि सांगितलं, माझा पहिला सल्ला विसर. मी शेअरचे भाव बघून उत्तर दिलं होतं, आणि मुलगी प्रश्न दुसराच विचारत होती.

ऑगस्टमध्ये ती आली. परवा रविवारी जेवायला आली तेव्हा चेहरा उतरलेला. तिच्या भांड्यातल्या दोघांपैकी एकाने तिसऱ्यांदा दुसऱ्याला संपवलं होतं. बायकोने तिच्यापुढे दहीभात ठेवला. अर्धी वाटी संपली आणि ती म्हणाली, "मामा, साखर बदलून बघते."