देवळाचे जोते आणि पाण्याची वाट
(कलशारोहणाच्या आदल्या सायंकाळी मंदिराच्या प्रांगणात केलेले भाषण)



समितीने मला चार शब्द बोलावयास सांगितले ते मी विद्वान आहे म्हणून नव्हे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून माझी हयात गेली, आणि या कामातील पाण्याच्या निचऱ्याची बाजू समितीने माझ्यावर सोपविली होती. कीर्तनाला बुवा उभे राहण्याआधी कोणी गटारावर बोलावे हे प्रसंगाला शोभत नाही, असे काहींना वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांनी समितीला एक प्रश्न विचारला आहे आणि तो रास्त आहे : शिखर रंगले, कळस आला, मग आमच्या देणगीतला एवढा मोठा वाटा जमिनीखाली का गेला? त्याचे उत्तर देणे माझ्याकडे आले आहे.

आधी एक खुलासा करतो. आपण कृष्णा-वारणेच्या टापूतली माणसे. पाणी म्हटले की २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या पाण्याबद्दल मी बोलत नाही. त्याला गावचे गटार पुरे पडणार नाही. मी बोलतो आहे ते दरसाल मुकाट्याने येणाऱ्या पाण्याबद्दल. पागोळ्यांचे, नळाचे, न्हाणीचे, अभिषेकाचे. महापुराने भिंत पडली तर सारे गाव पाहावयास जाते. हे पाणी मात्र भिंतीच्या बुडाशी बसून वर्षानुवर्षे आपले काम करते, आणि तडा दिसला की आपण गवंड्याला बोलावून सिमेंट भरून घेतो. पुढच्या वर्षी तडा पुन्हा तिथेच.

जुन्या माणसांच्या बोलण्यात काळी आणि पांढरी असे दोन शब्द असत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीत पेरावे आणि पांढरीत राहावे, अशी ती वाटणी होती. आता गाव वाढले, गावठाण पुरेना. नवी घरे, रस्त्याकडेचे दुकानगाळे, सोसायटीचे गोदाम, आणि आपला सभामंडपसुद्धा काळीवर उभा आहे. जोंधळ्याला चांगली असलेली ही माती घराला मोठी अवघड. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आकसते. वैशाखात रानात भेगा पडतात व त्यांत हात जातो, हे शेतकऱ्याला मी सांगावयास नको. तीच माती पायाखाली असली म्हणजे काय होत असेल याचा विचार मात्र आपण करीत नाही. सगळी जागा सारखी फुगली तर इमारत सारखी उचलली जाईल, फारसे बिघडणार नाही. पण एका कोपऱ्याशी नळ गळतो आहे आणि दुसरा कोपरा कोरडा आहे, असे झाले की ओला कोपरा वर उचलतो, कोरडा जागेवर राहतो, आणि मधली भिंत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी फाटते.

सभामंडपाचा तडा असाच होता. हातपाय धुण्याचा नळ नेमका त्याच कोपऱ्याशी होता. आम्ही तड्यावर प्लॅस्टरची पातळ पट्टी बसवून तिच्यावर तारीख घातली आणि वर्षभर पाहिले. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटत येणारा तडा मातीच्या फुगण्या-आकसण्याचा असतो. हा तसाच निघाला. ऋतू कोणताही असो, एकाच दिशेने वाढत जाणारा तडा निराळा. तो बहुधा पाया खचल्याचा. त्याला इंजिनिअरच दाखवावा, गावातल्या शहाण्यांचे ऐकू नये. त्या शहाण्यांत मीही आलो.

गाभाऱ्याची कथा वेगळी आहे. देऊळ पूर्वाभिमुख वा पश्चिमाभिमुख असले की अभिषेकाचे पाणी उत्तरेकडून बाहेर काढण्याची आपल्याकडे रीत आहे. आपल्या गोमुखाखाली दगडी कुंडी होती आणि कुंडीपासून पुढे दगडात कोरलेला पाट. प्रांगणात फरशी बसली तेव्हा तो पाट फरशीखाली गेला. कुंडी भरू लागली, उतू जाऊ लागली, आणि रोजच्या अभिषेकाचे पाणी गाभाऱ्याच्याच पायात मुरू लागले. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे पाणी भिंतीतून वर चढते. चढताना मातीतले क्षार बरोबर आणते, आणि जिथे ते वाळते तिथे क्षार उमलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोणा झाकण्यासाठी मागे कोणी भाविकाने आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट दिला. भावना चांगली होती. परंतु भिंतीचा श्वास कोंडला आणि गुडघ्यापर्यंतची ओल कमरेच्या वर गेली. या खेपेस आम्ही तो गिलावा खरवडून चुन्याचा दिला आहे. त्याच्यावर अजून काही महिने डाग दिसतील. भिंत वाळते आहे, एवढाच त्यांचा अर्थ. कृपा करून त्यांवर कोणी रंग आणून देऊ नये.

आता केले काय ते सांगतो. सर्वांत मोठे काम दिसायला सर्वांत साधे आहे : प्रांगणाला उतार दिला. पूर्वीची फरशी भिंतीकडे झुकलेली होती. गवंड्याने पाणी भरलेल्या नळीने पातळी घेतली तेव्हा ते सर्वांनी पाहिले. ती काढून देवळापासून बाहेरच्या बाजूस दहा फुटांत सुमारे अडीच इंच उतार धरला. जिथे नुसती माती आहे तिथे दहा फुटांत सहा इंच लागतो, कारण माती दबते. जोत्याला लागून तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा केला आणि पट्टा व भिंत यांमधील सांध्यात डांबर भरले. तो सांधा उघडा राहिला असता तर सगळी मेहनत त्या बोटभर फटीतून वाया गेली असती.

मग छपराचे पाणी. सभामंडप चाळीस फूट बाय तीस फूट, म्हणजे अदमासे १११ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वळवाच्या एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाच हजार लिटर झाले. एवढे पाणी पत्र्याच्या पन्हळीतून चार कोपऱ्यांना आणून आपण भिंतीच्या बुडाशी ओतीत होतो! टँकरवाल्याने पायात टँकर रिकामा केला असता तर आपण त्याला गावाबाहेर काढला असता. आता ते चारही नळ पुढे नेऊन गटारात सोडले आहेत.

मागच्या बाजूस चढ आहे. तिकडच्या रानातले पाणी जमिनीखालून झिरपत येते. त्यासाठी चर खणून तळाशी सच्छिद्र पाईप घातला, सभोवती खडी भरली, आणि शंभर फुटांत एक फूट उतार दिला. ज्यांच्या उसाच्या रानात क्षारपडीसाठी असे पाईप गाडले आहेत त्यांना यात नवल नाही. इंग्रजीत याला फ्रेंच ड्रेन म्हणतात. फ्रान्स देशाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील हेन्री फ्रेंच नावाच्या वकिलाने १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव त्याला चिकटले. काळ्या मातीचा बारीक गाळ खडीत शिरून ती चोंदते, म्हणून खडीला कापडाचे वेष्टन लागते. पोत्याचे गोणपाट चालत नाही, ते कुजते. आणि हेही सांगतो की निव्वळ चराने आपले काम भागले नसते. चिकण काळीतून पाणी चराकडे फार हळू येते. वरचा उतार आधी, चर मागाहून. घरी कोणी करणार असेल तर पायाला अगदी खेटून व पायापेक्षा खोल चर खणू नये, नाहीतर पायाचा आधारच सुटतो.

हे सगळे पाणी सोडायचे कोठे, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. सोपा मार्ग खालच्या आळीतून होता. त्या आळीत आधीच प्रांगणाचे पाणी घुसत होते. पावसाळ्यात तिथल्या दोन घरांत चूल विटांवर मांडावी लागत असे. देव कोरडा आणि माणसे ओली, असा जीर्णोद्धार नको, असे बैठकीत एका बाईंनी स्पष्ट सांगितले आणि सगळे गप्प बसले. अखेरीस ओढ्यापर्यंत बांधाकडेने गटार नेण्याचे ठरले. त्यासाठी ज्या शेतकऱ्याने आपल्या रानाची दोन फुटी पट्टी दिली त्याचे नाव देणगीदारांच्या फलकावर नाही, कारण त्याने रोख रक्कम दिली नाही. समितीने फलक पक्का होण्याआधी याचा विचार करावा, ही माझी जाहीर विनंती आहे.

घरांविषयी व दुकानांविषयी थोडेसे. रस्ता दर खेपेस जुन्या थरावर नवा थर टाकून होतो आणि उंच होत जातो. देवळाच्या पाच पायऱ्यांपैकी आज तीनच दिसतात त्या यामुळे. बसथांब्याजवळच्या गाळ्यांत पावसाळ्यात पाणी शिरते त्याचे कारणही तेच. नवे काम मंजूर होईल तेव्हा जुना थर खरवडूनच नवा टाकावा, असे ग्रामसभेत लिहून घ्या. काम झाल्यावर बोलून उपयोग नाही. गोदामात खताची पोती भिंतीला टेकवून ठेवू नका, फळ्यांवर ठेवा; आणि त्या मागच्या भिंतीशी साठलेली मातीची भर आधी जोत्याच्या खाली उतरवा. बाकी खर्च करण्यापूर्वी एक करा : मोठ्या पावसात छत्री घेऊन आपल्या घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठून येते, कुठे थांबते, हे तेव्हाच कळते. कोरड्या दिवशी मलाही कळत नाही.

गटारावर झाकणे सुटी ठेवली आहेत, ती साफ करता यावीत म्हणून. ओढ्याच्या अलीकडे गाळाचा खड्डा आहे. तो रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मृगाच्या आत, एकदा उपसावा लागेल आणि नवरात्राआधी पुन्हा एकदा. यंदाची पाळी तरुण मंडळाने घेतली आहे. पुढच्या वर्षीची अजून कोणी घेतलेली नाही. झाकणे उचलण्याची लोखंडी आकडी गुरवांच्या ओसरीत ठेवली आहे. लागेल त्याने मागून न्यावी आणि परत तिथेच आणून ठेवावी.