‘कल्टिव्हेट’ला मराठीत काय म्हणायचं?

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, पाचोरा येथे केलेले भाषण)



आखाजी होऊन चारच दिवस झालेत. माहेरी आलेल्या लेकी अजून गावातच आहेत, म्हणून आज समोर मैत्रिणी मित्रांपेक्षा जास्त दिसतात. मेळाव्याची तारीख ज्यांनी ठरवली त्यांचं याबद्दल आधी कौतुक करतो.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणून मला कामही तसंच मिळालं. आपली तुकडी शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक उपक्रम सुरू करते आहे. पुण्या-मुंबईच्या मित्रांनी त्याला ‘कल्टिव्हेट’ हे नाव सुचवलं. फलक मराठीत हवा म्हणून ग्रुपवर प्रतिशब्द मागवले, तर तीन आले : विकास, संस्कार, संवर्धन. तेवढ्यात आपल्या एका शेतकरी मित्राने विचारलं, "काय भो, कल्टिव्हेट म्हणजे ट्रॅक्टरमागचं कल्टिव्हेटरच ना?" ग्रुपवर हसण्याचा पूर आला. मी मात्र तेव्हाच ठरवलं, की भाषण याच्या प्रश्नावर करायचं. कारण उत्तराच्या सगळ्यात जवळ तोच होता.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘कोलेरे’ हा तिथला धातू. त्याचे अर्थ तीन : जमीन कसणे, वस्ती करून राहणे आणि पूजा करणे. त्याच्यापासून ‘अ‍ॅग्रिकल्चर’ आलं, ‘कॉलनी’ आली, ‘कल्ट’ आला आणि ‘कल्चर’ही आलं. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास सिसेरो नावाच्या रोमन वक्त्याने हा शेतातला शब्द मनाला लावला. त्याचं म्हणणं असं, की जमीन कितीही कसदार असली तरी कसल्याशिवाय पिकत नाही. बुद्धीचंही तसंच आहे. म्हणून आज इंग्रजीत माणूस सवय कल्टिव्हेट करतो, मैत्री कल्टिव्हेट करतो, आवड कल्टिव्हेट करतो आणि कापूसही कल्टिव्हेट करतो. क्रियापद एकच.

आता आपल्याकडचे शब्द पाहू. ‘विकास’ म्हणजे मुळात उमलणं. शब्द सुंदर आहे, पण कळी आपली आपण उमलते, त्यात दुसऱ्याचे हात दिसत नाहीत. ‘संस्कार’ मोठ्यांनी लहानांवर करायचे असतात. करणारा वर, घेणारा खाली. आणि ‘संवर्धन’ म्हटलं की पशुसंवर्धन आठवतं, सरकारी पाटी दिसते. हे तिन्ही शब्द चुकीचे नाहीत. पण त्यांतल्या एकालाही घाम येत नाही.

‘कल्चर’ला आपण ‘संस्कृती’ म्हणतो. या शब्दाची एक हकीकत आहे. बंगालीत पूर्वी कल्चरला ‘कृष्टी’ म्हणत. कृष् म्हणजे नांगरणं, ज्यावरून कृषी आली. रवींद्रनाथ ठाकुरांना ‘कृष्टी’ रुचत नव्हता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राच्या तोंडून ‘संस्कृती’ हा शब्द ऐकला. तो रवींद्रनाथांना पसंत पडला आणि बंगालीत रुळला. मराठीने बंगालला शब्द दिला याचा मला अभिमान आहे. पण त्या अदलाबदलीत नांगर मात्र बाहेर राहिला.

शब्दातून नांगर गेला की माणसांचीही वाटणी होते. गॅदरिंगमध्ये नाच-गाणी म्हणजे ‘सांस्कृतिक कार्यक्रम’, आणि वखर हाकणं म्हणजे नुसतं काम. मेळाव्यालाही आमचे शेती करणारे मित्र "आम्ही मागेच बसतो" म्हणतात. आजही मागच्या दोन रांगा कोणाच्या आहेत, बघून घ्या.

आपल्या जिल्ह्याला तरी ही वाटणी शोभत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी रचलेल्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. त्यांची शेती कुठे संपली आणि संस्कृती कुठे सुरू झाली, हे कोणी दाखवावं.

आणखी एक गंमत बघा. ‘कल्चर’ हा शब्द आपल्या बांधावर परत आला तो केळीबरोबर. ‘टिश्यूकल्चरची रोपं’ हे आता बांधावरचं रोजचं बोलणं झालं आहे. केळीच्या कंदाचा कोवळा कोंब प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत वाढवतात, त्यापासून पुष्कळ रोपं करतात. पण बाटलीतलं रोप थेट खान्देशच्या उन्हात लावलं तर ते जगत नाही. आधी हरितगृहात, मग शेडनेटखाली, असं हळूहळू त्याला बाहेरच्या हवेची सवय करतात. पुढे लागवड झाल्यावरही पाणी, खत, निंदणी चुकत नाही. रोप कितीही उत्तम असो, शेतातलं काम सुटत नाही.

म्हणून माझा शब्द आहे ‘मशागत’. तो मूळचा अरबी, ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट. मराठीत येऊन तो मातीत मुरला. आपण जमिनीची मशागत म्हणतो, तशी मनाचीही मशागत म्हणतो. सिसेरोला जे म्हणायचं होतं ते आपल्या बोलीत आधीपासून आहे.

मशागत म्हणजे काय, हे मागच्या रांगांना सांगायला नको, पुढच्यांसाठी सांगतो. उन्हाळ्यात नांगरट करून जमीन तापू द्यायची, म्हणजे तणाची मुळं सुकतात आणि किडीचे कोष उघडे पडतात. मग वखराच्या पाळ्या. पेरणीनंतर विरळणी, कोळपणी, निंदणी. मागच्या वर्षी केली होती म्हणून यंदा सोडता येत नाही. ‘सुसंस्कृत’ एकदा झालो की झालो, असं माणसाला वाटतं. ‘मशागत झाली’ असं मात्र कोणताही शेतकरी एका हंगामापुरतंच म्हणतो.

आता मुद्द्याचं बोलतो. आपण वर्गणी काढली, ती चांगलीच जमली. वह्या, पुस्तकं, एक संगणक एवढं होईल, फलक लागेल, फोटो निघेल. पण दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीला लागलं की वर्गातली काही मुलं दिसेनाशी होतात. त्यांतली सगळी परत येत नाहीत. आपल्या वर्गातही असे होते. आजच्या यादीत त्यांची नावं नाहीत. वह्या वाटल्याने ती गळती थांबणार नाही. कोणीतरी त्या घरी जाऊन बसलं पाहिजे, राहिलेला अभ्यास करून घेतला पाहिजे. आणि हे पुढच्या वर्षीही केलं पाहिजे.

म्हणून नाव ‘मशागत’ ठेवायचं असेल तर माझी एक अट आहे. आपल्याकडे सालदाराशी करार आखाजीला होतो आणि तो पुढच्या आखाजीपर्यंत चालतो. तसा आपण शाळेशी करार करू. गावात असलेल्या प्रत्येकाने एक मूल घ्यावं आणि आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जावं. बाहेरगावच्यांनी आठवड्यातून एकदा फोनवर त्याचा अभ्यास घ्यावा आणि खर्चाचा वाटा उचलावा. कामाची आखणी मागच्या दोन रांगांनी करावी, कारण हंगामाचं गणित त्यांना कळतं. पुढच्या आखाजीला इथेच हिशेब मांडू : किती मुलं घेतली, किती टिकली.

हे जमणार नसेल तर फलकावर ‘विकास’ लिहा, माझी हरकत नाही. जमणार असेल तर बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. जेवणाच्या आधी नाव लिहा. जेवणानंतर भरीत-पुरी अंगावर येते.