माहितीचीही हिशेबतपासणी हवी
(कार्यकर्ता अभ्यासशिबिरातील भाषण)



प्रत्येक संघटना वर्षाकाठी पैशाचा हिशेब तपासून घेते. माहितीचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. कचेरीत कोणते कागद आहेत, ते कोणाच्या उपयोगी पडतात, आणि जे कागदावर कधी उतरलेच नाही असे कोणाच्या डोक्यात काय आहे, हे बहुतेक संघटनांना ठाऊक नसते.

या अज्ञानाची किंमत मुंबईच्या गिरणी कामगाराने मोजली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनींचे सौदे झाले, आणि घरांचा प्रश्न आला तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण कामावर होतो, याचा पुरावा कामगाराकडे मागण्यात आला. ओळखपत्र, विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी! दीड लाखाहून अधिक अर्ज आले. साचाखात्यात उभा जन्म काढलेला माणूस त्याच्या सोबत्यांना पक्का ठाऊक होता. पण ठाऊक असणे निराळे आणि सिद्ध करता येणे निराळे. खातेनिहाय तिकीट नंबरांच्या याद्या संघटनांच्या कपाटांत नीट राखलेल्या असत्या, तर पुष्कळांची वणवण टळली असती.

उलट उदाहरण राजस्थानातील आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचण्यात आले. रोजगार हमीचे मस्टर महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या परिचयाचे आहे. त्यातील खोटे नाव कागद पाहून वरिष्ठ अधिकाऱ्याला कळत नाही. समोर बसलेल्या मजुराला ते ऐकताक्षणी कळते. कागदातील माहिती आणि माणसांतील ज्ञान तेथे समोरासमोर आले. याच चळवळीच्या रेट्यातून २००५ चा माहिती अधिकार कायदा झाला. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अभिलेखांची सूची राखावी आणि १७ बाबींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे बंधन आहे. सरकारकडून ही अपेक्षा करणाऱ्या संघटनेने स्वतःचे दप्तर कधी उघडून पाहिले आहे काय?

अशा तपासणीचा आरंभ कपाटापासून करू नये, कामापासून करावा. एखाद्या कामगाराची थकलेल्या पगाराची तक्रार घ्यावी आणि ती कचेरीत आली त्या दिवसापासून तिचा माग काढावा. ती कोणी लिहून घेतली, कोठे नोंदली, कायदा कोणाला विचारला, कोठे अडली? मग प्रत्येकाला भेटून दोन प्रश्न विचारावेत : तुम्हाला कामासाठी हवे असलेले काय मिळत नाही? आणि तुम्हाला ठाऊक असलेले काय कोणी विचारत नाही? दुसरा प्रश्न अधिक मोलाचा. छापील प्रश्नावलीवर त्याचे उत्तर येत नाही. त्यासाठी चहा घेत तासभर बसावे लागते.

येथे अडचण येते ती माणसांची. माहिती राखून ठेवणारा दर वेळी दुष्टच असतो असे नव्हे. तीस वर्षे कचेरी सांभाळणाऱ्या वृद्ध चिटणिसाची संघटनेतील जागा पुष्कळदा तेवढ्या माहितीवरच टिकलेली असते. ती काढून घेतल्यावर आपले काय, ही त्याची भीती खरी आहे. म्हणून त्याला तपासणीचा विषय न करता तपासनीसांत घ्यावे. सगळेच उघडे करावे असेही नाही. मालकाविरुद्ध खबर देणाऱ्या कामगाराचे नाव यादीत येता कामा नये.

सगळे कागद संगणकात भरले म्हणजे काम झाले, हा नवा भ्रम आहे. जी यादी कपाटात कोणी उघडत नव्हते, ती संगणकातही कोणी उघडणार नाही. सापडलेल्या प्रत्येक उणिवेपुढे एका व्यक्तीचे नाव आणि एक तारीख लिहावी, आणि त्या तारखेस विचारणा करावी.

पुढील सभासद नोंदणीपूर्वी प्रत्येक तालुका कचेरीत ही तपासणी करता येईल. तपासणारे दोघे दुसऱ्या तालुक्यातील असावेत, आणि पहिला खण उघडावा तो अध्यक्षांच्या टेबलाचा.