हात मोकळे हवेत
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चिटणीसबाईंनी घरचाच अनुभव सांगायला सांगितले, म्हणून उभी राहिले.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले. शिवणात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. कुबड्यांवर त्या सावेडीहून कापडबाजारापर्यंत जाऊन येत. पण येताना कापडाचा गठ्ठा आणायचा कसा? कुबड्या माणसाला चालवतात खऱ्या, पण दोन्ही हात अडकवून ठेवतात. एवढी साधी गोष्ट, पण माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली! हाताने चालवायची तीनचाकी आली, तिच्या मागच्या पेटीत गठ्ठे बसू लागले, तेव्हा कुठे धंदा उभा राहिला. शिवणयंत्राला मोटार बसवली असून तिचे पायाचे बटण त्या टेबलावर ठेवून कोपराने दाबतात.

ज्यांचा पाय कापला गेला त्यांची गोष्ट निराळी. विलायती धाटणीचा पाय बुटात घालण्यासाठी केलेला. तो लावून चुलीपुढे बसता येईना, की उसाच्या सरीत अनवाणी उतरता येईना. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास रबराचा पाय घडवला. तो लावून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, चिखलातही जाता येते. आपल्या जिल्ह्यात शेतावर पोट असणारांना ह्याचे मोल वेगळे सांगायला नको. 1975 पासून जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय मोफत बसवून देते.

सरकारची ‘एडिप’ योजनाही आहे. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला असेल आणि महिन्याचे उत्पन्न 22,500 रुपयांच्या आत असेल, तर ठराविक किमतीपर्यंतचे साधन फुकट मिळते. आपल्या आळीत कितीजणींनी हा दाखला काढला आहे?

साधन मिळाले की फोटो निघतो. पुढे कोणी विचारीत नाही. आमच्या एका शेजाऱ्याला शिबिरात मिळालेल्या तीनचाकीची साखळी तुटली, तर सहा महिने ती अंगणात कोंबड्यांच्या कामी आली. शेवटी सायकलवाल्याने साखळी बसवली, तीही किरकोळ पैशांत! कुबडीच्या टोकाचे रबर झिजले की ओल्या फरशीवर माणूस हमखास घसरतो. ते रबर वेळच्या वेळी बदलायला हवे.

आता एक बोच सांगते; राग मानू नये. आपले पापडाचे काम माडीवर चालते. जिन्याला पंधरा पायऱ्या आहेत. दोन भगिनींनी नाव नोंदवले आणि खालूनच परत गेल्या. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून आपल्यालाही काही वाटले नाही. खालची अडगळीची खोली वापरायला चिटणीसबाईंनी परवानगी दिली असून किल्ली माझ्याकडे आहे. उंबऱ्याला उतरती फळी ठोकायला सुतार मंगळवारी येईल. त्याआधी, सोमवारी दुपारी, झाडलोटीला चौघीजणी हव्या आहेत. नावे आत्ताच द्यावीत.