जरेची मुदत



वैद्यक आणि विज्ञानलेखन या दोन्ही क्षेत्रांत आयुष्य वेचणाऱ्या आपणांसारख्यांपुढे अध्यक्ष या नात्याने बोलण्याचा हा मान मी कृतज्ञतापूर्वक स्वीकारतो, आणि मिळालेला अल्प अवधी जरेच्या निवारणाचा जो उद्योग विज्ञानाने चालविला आहे त्याच्यासाठीच खर्च करण्याची अनुज्ञा मागतो.

पुत्राचे तारुण्य मागून घेणाऱ्या ययातीपासून ही आकांक्षा आपल्या परिचयाची आहे. विसाव्या शतकात तिला प्रयोगशाळेचा आधार लाभल्यासारखे वाटले, तो अलेक्सिस कारेल यांच्यामुळे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९१२ साली त्यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा कण काचपात्रात वाढीस लावला. ते संवर्धन चौतीस वर्षे जगल्याचे जगाला सांगण्यात आले. आणि नोबेल पारितोषिकाची सनद पाठीशी असल्यामुळे पेशी मुळातच अमर आहे हे मत फेरतपासणीवाचून रूढ झाले.

हे मत ढळविले ते लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी, १९६१ साली, फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत. मानवी गर्भाच्या पेशींनी बाटलीचा तळ भरला की त्या दोन बाटल्यांत वाटायच्या, ते तळ भरले की पुन्हा वाटायच्या, आणि प्रत्येक वाटणीची नोंद ठेवायची, असा हा कमालीच्या चिकाटीचा क्रम होता. सुमारे पन्नास वेळा दुप्पट झाल्यावर पेशींचे विभाजन थांबे. दोष पोषकद्रवाचा असेल, या शंकेचे निरसन त्यांनी ज्या रीतीने केले ती मला या शास्त्रातील अत्यंत सुंदर युक्ती वाटते : पुरुषगर्भाच्या म्हाताऱ्या पेशी आणि स्त्रीगर्भाच्या तरुण पेशी त्यांनी एकाच पात्रात वाढविल्या, आणि काही काळाने पाहिले तो केवळ स्त्रीपेशी उरल्या होत्या. द्रव एकच, मुदत मात्र ज्याची त्याची.

गुणसूत्रांची टोके प्रत्येक विभाजनागणिक झिजतात, हे त्या मुदतीचे एक प्रमुख कारण पुढे उलगडले, आणि ही झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या शोधाचा गौरव २००९ च्या नोबेल पारितोषिकाने झाला. परंतु बहुतेक कर्करोगी पेशी याच विकराच्या बळावर बेमुदत वाढतात, हा दाखला ज्याने रुग्णालयात डोळ्यांनी पाहिला आहे त्याला पेशीच्या अमरत्वाचा मोह सहसा पडत नाही.

त्याच २००९ साली आणखी एक महत्त्वाचे वृत्त आले. मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांना दिले जाणारे रॅपामायसिन सहाशे दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या, उंदरांना दिले असता त्यांचे आयुष्य वाढले, आणि हा निष्कर्ष तीन स्वतंत्र प्रयोगशाळांत मिळाला. ते भक्कम काम आहे, आणि मी त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो. पण हेच औषध रोगप्रतिकारशक्ती दडपते, म्हणूनच ते रोपणानंतर देतात.

अलीकडेच सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अशाच एका औषधाच्या वार्तेचे कात्रण घडी घालून माझ्या दवाखान्यात घेऊन आले. पत्नीला विस्मृतीने ग्रासले होते. "डॉक्टरसाहेब, ही गोळी कुठे मिळेल?" एवढेच त्यांनी विचारले. कात्रणात उंदीर हा शब्द अगदी शेवटच्या परिच्छेदात होता.

म्हणून लेखणी हाती धरणाऱ्या आपणां सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे : अशी वार्ता मराठीत देताना वार्धक्य कोणाचे लांबणीवर पडले, पेशीचे, कृमीचे, उंदराचे की माणसाचे, हे पहिल्याच वाक्यात लिहा.