ब्रिज कॅमेरा घेताय? झूमचा आकडा नंतर, आधी स्वतःची गॅलरी उघडा

 

आजचा भाग एकाच प्रश्नावर आहे. माझा एक आतेभाऊ दौंडला राहतो, कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला आहे. परवा त्याचा फोन आला. "दादा, बोनसमध्ये कॅमेरा घ्यायचा म्हणतोय. घरच्यांचे फोटो आणि निसर्ग, एवढंच काढायचंय. लेन्स बदलायची कटकट नको. तो १२५ एक्स झूमवाला घेऊ का?"

मी त्याला म्हटलं, थांब, अर्धा तास दे. तो अर्धा तास मी आज तुम्हाला थोडक्यात सांगतो.

ब्रिज कॅमेरा म्हणजे काय? खिशातला छोटा कॅमेरा आणि मोठा डीएसएलआर यांच्या मधला पूल. दिसायला डीएसएलआरसारखा: हातात भरणारी पकड, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर. पण लेन्स कायमची बसवलेली. एकच लेन्स, रुंदही दाखवते आणि लांबचंही ओढते.

आता हे 'एक्स' प्रकरण समजून घेऊ. एक्स म्हणजे लेन्सचा शेवटचा आकडा भागिले पहिला आकडा. निकॉनचा पी१००० हा २४ मिलिमीटरपासून ३००० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणून १२५ एक्स. पी९५० हा २००० पर्यंत जातो, म्हणजे ८३ एक्स. कॅननचा एसएक्स७० हा २१ ते १३६५, म्हणजे ६५ एक्स. आणि सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा २४ ते ६००, म्हणजे फक्त २५ एक्स. हे सगळे आकडे फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशोबातले आहेत. दुकानात २५ एक्स ऐकलं की माणूस हिरमुसतो. पण किंमत विचारली की कळतं, हाच सगळ्यात महाग!

असं का? कारण आत बसलेला सेन्सर. पहिल्या तिन्ही कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर आहे. साधारण सहा मिलिमीटर बाय साडेचार, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. सोनीत एक इंची म्हणतात तो सेन्सर आहे, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळ चौपट. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त जमेल? प्रकाशाचंही तसंच.

त्यात झूम लांब नेला की लेन्सचं तोंडही बारीक होत जातं. पी१००० रुंद बाजूला एफ/२.८ असतो, पार शेवटी एफ/८. म्हणजे आत येणारा प्रकाश आठपट कमी. सोनी मात्र ६०० ला पोचला तरी एफ/४ वरच थांबतो.

आता कुणी म्हणेल, आम्हाला गणित नको, फोटो सांगा. चला, आपल्याच भागात फिरू.

आधी निसर्ग. शिरूरपासून जवळच, टाकळी हाजी आणि निघोजच्या मधे कुकडी नदीतले रांजणखळगे. काळा कातळ, पाण्यानं फिरत्या दगडांनी कोरलेला. तिथं उभं राहिलात की सगळं जवळ आणि रुंद. तिथं तुमचा फोन मस्त काम करतो. आजच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनमधला मुख्य सेन्सर १/२.३ इंचापेक्षा मोठाच असतो. शिवाय अल्ट्रावाइड असते, ती या सगळ्या ब्रिज कॅमेऱ्यांपेक्षा जास्त रुंद दाखवते. म्हणजे रुंद फोटोसाठी छोट्या सेन्सरचा ब्रिज कॅमेरा घ्यायची गरजच नाही.

पण शिरूरहून न्हावरेमार्गे केडगाव-चौफुल्याकडे गाडी काढा. आपला मुलूख सपाट. ऊस, बाभळी, लांबवर एखादी टेकडी. रुंद फोटो काढला तर काय येतं? अर्धं आभाळ, अर्धी माती आणि मधे एक बारीक रेघ. आपल्याकडचं सौंदर्य त्या रेघेत आहे. पीक निघालेल्या रानात बसलेली मेंढरं, धुरळ्यातून जाणारा धनगर, भीमेच्या काठावरची पहाटेची धूर-धूर. हे पकडायला १०० ते ४०० मिलिमीटर लागतं. इथं फोन हात टेकतो आणि ब्रिज कॅमेरा कामाला येतो. पण बघा, ४००. तीन हजार नाही.

आता घरचे फोटो. आणि खरं सांगू, माझ्या मते कॅमेरा घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आपल्याकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की पहिली धावपळ कशाची होते? फ्रेमसाठी फोटोची. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो शोधायचा, त्यातून चेहरा कापायचा, नाहीतर आधार कार्डावरचा मोठा करायचा. आमचे आजोबा गेले तेव्हा आमच्याकडेही हेच झालं. भिंतीवरच्या फोटोत त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. हात कुणाचा, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

आजीसमोर फोन धरा. ती पदर सावरते, ताठ बसते, चेहरा दगड. पण ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून १५०-२०० वर झूम करा. ती शेंगा फोडतेय, नातवाला रागावतेय, मधेच हसतेय. तिला कळतसुद्धा नाही, आणि मागची भिंत थोडी पुसट होऊन चेहरा उठून येतो. नंतर तिला दाखवा मात्र. तिला आवडला तरच ठेवा.

मग अडचण कुठे येते? संध्याकाळ झाली की! जागरण-गोंधळ रात्रीचा. शाळेचं स्नेहसंमेलन रात्रीचं. हळद असते अंगणातल्या एलईडी दिव्याखाली. पोरगी स्टेजवर नाचतेय, तुम्ही पंधराव्या रांगेत. नाच पकडायला शटर सेकंदाच्या २५० व्या भागाच्या आसपास ठेवावं लागतं. तिथं छोटा सेन्सर आणि बारीक तोंडाची लेन्स असेल तर आयएसओ वर जातो आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. एक इंची सेन्सर इथं उजवा ठरतो.

मग तो हजार-तीन हजारवाला झूम कुणासाठी? पक्ष्यांसाठी. मोराची चिंचोली आपल्या शिरूर तालुक्यातच. दौंडच्या पुढे भिगवण, उजनीचं बॅकवॉटर. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात. भरपूर उजेड, लांबचा पक्षी, अशा ठिकाणी पी९५० सारखा कॅमेरा पैसे वसूल करतो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उन्हं चढली की पाण्यावरची तापलेली हवा थरथरते, मग २००० मिलिमीटरला फोटो उकळल्यासारखा दिसतो. सकाळीच जा. दोन, कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचा हलका कंप सावरतं, होडीचे हेलकावे नाही. शटर वेगवान ठेवा. आणि नावाड्याला थवा उठवायला सांगू नका. लांबचा झूम असतोच मुळी पक्षी बसल्या जागी बसू द्यावा म्हणून.

तर भावाला मी काय सांगितलं? म्हटलं, फोनची गॅलरी उघड. शेवटचे शंभर फोटो बघ. तीन ढीग कर. पहिला, दिवसाचे आणि जवळचे. दुसरा, दिवसाचे पण लांबचे. तिसरा, संध्याकाळचे, रात्रीचे, घरातले. 'झूम कमी पडला' असं कुठे वाटलं आणि 'उजेड कमी पडला' असं कुठे वाटलं, ते मोज.

पहिला ढीग मोठा असेल तर कॅमेरा घेऊच नका, फोन पुरे. दुसरा मोठा असेल तर एसएक्स७० किंवा पी९५०. तिसरा मोठा असेल तर एक इंची सेन्सर. तो नवा परवडत नसेल तर पॅनासॉनिकचा एफझेड१००० सेकंडहँड बघा. २०१४ चं मॉडेल आहे, २५ ते ४०० मिलिमीटर, एफ/२.८ ते ४. आपल्या सपाट मुलखाला आणि घराला ४०० पुरतं.

वजनही बघा. एसएक्स७० सहाशे ग्रॅमच्या आसपास, पी९५० एक किलो, पी१००० जवळपास १४०० ग्रॅम. लग्नात दिवसभर गळ्यात कोण घालणार आहे, त्याच्याच गळ्यात दुकानात घालून बघा.

सेकंडहँड घेताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. झूम पूर्ण बाहेर-आत करा, खरखर ऐकू येते का बघा. मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ गेलीय. ही लेन्स निघत नाही, त्यामुळे साफसफाई महागात पडते. टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी आहे का तेही पाहा. आणि बिल मागा. ते काढलेले फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, मगच पैसे द्या.

भावाच्या गॅलरीत काय निघालं माहितीये? शंभरातले एकसष्ट फोटो तिसऱ्या ढिगातले. त्याची पोरगी, अंधुक स्टेजवर. १२५ एक्सचा विषय तिथंच संपला. आता तो एफझेड१००० शोधतोय.

तुमचे तीन ढीग किती-किती निघाले, मला व्हॉइस नोट करून सांगा. आणि कॅमेरा येईल तेव्हा येईल, या रविवारी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा एक नीट फोटो काढा. दिवसा, दारातल्या उजेडात, एकट्याचा. त्याला फोनसुद्धा पुरतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!