नवशिक्याच्या हाती कोणती गाडी?
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात तालिमीवर बोलणारी माझ्याहून जाणकार मंडळी पुष्कळ आहेत. म्हणून मी परवानगी घेऊन निराळा विषय निवडला आहे. नवशिक्या मुलाच्या हाती मोटारसायकल द्यावी ती कोणती, हा तो विषय. हा शाळेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात पहिली मागणी येते ती पुस्तकांची नव्हे, गाडीची. आणि आपल्यापैकी कित्येक अब्बा ती कर्ज काढून पुरवितात. गाडी निवडतो मुलगा, पैसे भरतात अब्बा, आणि कायदा काय म्हणतो हे दोघांनाही ठाऊक नसते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १८ वर्षांखालील कोणालाही रस्त्यावर वाहन चालवू देत नाही. सवलत एकच आहे. १६ वर्षे पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालविता येते, तीही परवाना काढून. मूळ कायद्यात या ठिकाणी 'गिअर नसलेली मोटारसायकल' असे शब्द होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते जाऊन ५० सीसीची मर्यादा आली. पण लोकांच्या डोक्यात जुनेच शब्द बसले आहेत. "सर, हिला गिअर नाहीत, सोळाव्या वर्षी चालते," असे मला सुशिक्षित पालकही सांगतात. चालत नाही. कायनेटिकची लूना १९७२ साली आली ती ५० सीसीची होती. आजच्या अॅक्टिव्हाचे इंजिन जवळजवळ ११० सीसीचे, म्हणजे दुपटीहून मोठे. आज शोरूममध्ये ५० सीसीची पेट्रोलवर चालणारी नवी गाडी शोधून सापडायची नाही, सबब सोळा वर्षांच्या मुलाला ही सवलत कागदावरच उरली आहे असे समजा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांविषयी दुकानदार "लायसन लागत नाही" म्हणतात. ते फक्त २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला लागू आहे. कागद पाहून घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता अठरा वर्षांच्या मुलाचे पाहू. इथे मला कायद्यातच उणीव दिसते. दुचाकीच्या परवान्याचे आपल्याकडे प्रकार दोनच, बिनगिअरची आणि गिअरची. गिअरचा परवाना एकदा हाती पडला की १०० सीसीची गाडी चालवा किंवा ६५० सीसीची, कायदा विचारीत नाही. युरोपात तसे नाही. तेथे २०१३ पासून सर्व देशांत पायऱ्या ठरल्या आहेत. पहिल्या पायरीवर १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्ती. दुसऱ्या पायरीवर, तीही अठरा वर्षांनंतर, ३५ किलोवॅट. त्यापुढची गाडी आणखी काही वर्षांनी. ऑस्ट्रेलियात तर नवशिक्याच्या गाडीचे वजन आणि शक्ती यांचे प्रमाणही पाहतात. नुसत्या सीसीने काम भागत नाही, हे त्यांना कळले आहे. बुलेट ३५० ची शक्ती वीस अश्वशक्तीच्या आसपास, पण वजन जवळजवळ १९० किलो. उलट ड्यूक ३९० वजनाला हलकी आणि शक्तीला बुलेटच्या दुप्पट. पहिली किरकोळ अंगाच्या मुलाला उभी करताना आवरत नाही, दुसरी धावताना.

या ड्यूकचीच गोष्ट आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी ऐकण्यासारखी आहे. केटीएम कंपनीच्या या गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. २०११ साली १२५ सीसीची ड्यूक तेथे बनू लागली ती युरोपातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी, बरोबर ११ किलोवॅटची. आपल्याकडे त्यानंतरच्या वर्षी विक्रीला आली ती २०० सीसीची. १२५ ची ड्यूक भारतात आली २०१८ मध्ये. म्हणजे आपल्या कामगारांच्या हातांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी मर्यादा पाळलेली गाडी बनविली, आणि आपल्या मुलांना मर्यादा नसलेली मिळाली! आपल्या सरकारनेही १२५ सीसीची रेषा ओढली आहे, नाही असे नाही. एप्रिल २०१९ पासून त्यावरील गाड्यांना चाक अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली. पण ही रेषा यंत्राला लावली, चालविणाऱ्याला नाही. ती दुसरी रेषा घरात आपणच ओढायची आहे.

मी बी.ए. झालेला माणूस, पण पुढचा हिशेब गणिताच्या सरांकडून तपासून घेतला आहे. ताशी ४० च्या वेगाला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोरचे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. वेग ८० झाला की त्या सेकंदात २२ मीटर जातात, आणि त्यानंतर ब्रेक लावून थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. आता धुळे-सोलापूर महामार्ग डोळ्यांसमोर आणा. मांजरसुंब्याचा घाट आणा. गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात पुढे येते ती पन्नास पावलांवर. जुना चालक ती ओळखतो. महिन्याभरापूर्वी गाडी शिकलेल्याला ती ओळखता येत नाही, आणि त्याच्या गाडीचा वेग मात्र चार सेकंदांत साठावर गेलेला असतो.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत शंभरापैकी चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेली पन्नास हजार! ईदच्या दिवशी आपल्याच मोहल्ल्यातून एका गाडीवर तिघे-चौघे नव्या कपड्यांत निघतात, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, हे आपण सर्वजण पाहतो आणि हसून हात करतो.

पालकांनी एक गोष्ट जरूर ध्यानी ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या वयात आपली गरीब घरची मुले टेम्पोवर, डिलिव्हरीवर, फिरतीच्या कामावर लागतात, ती सगळी वर्षे हातची गेली. नुकसानभरपाईचेही तसेच आहे. मुलाने न विचारता घरातून चाव्या नेल्या, असे सांगणाऱ्या एका मालकाचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले नाही. गाडीचा गैरवापर होऊ न देणे ही मालकाचीच जबाबदारी ठरली, आणि विमा कंपनीला दिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याची मुभा राहिली. तेव्हा चाव्या खिळ्याला टांगून ठेवू नका.

मुलींच्या अम्मी मला विचारतात की कॉलेज लांब आहे, गाडी न दिली तर शिक्षण सुटेल. प्रश्न रास्त आहे. मुलीचे शिक्षण सुटावे असे मी कधीही म्हणणार नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत सायकल आहे; खेड्यातून येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पासही मोफत मिळतो. अठरा झाली की तिला परवाना काढून स्कूटर जरूर द्या, मुलाआधी द्या. जहेजमध्ये जावयाला मोटारसायकल देण्यासाठी जे पैसे साठविता त्यातलेच यासाठी काढले तरी माझी हरकत नाही!

मुलांसाठी माझी सूचना अशी आहे. पहिले वर्ष घरातली जुनी शंभर सीसीची गाडीच ठेवा, १२५ च्या वर जाऊ नका. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. त्या काळात मागे बसायचे ते परवाना असलेल्या शिकविणाऱ्यानेच, दोस्ताने नव्हे. अठरा सेंटिमीटरच्या चौकोनी पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर पुढे-मागे लावायचे असते. ते लावण्यात कमीपणा कसला? आमच्याकडे मुले ती पाटी खिशात ठेवतात आणि पोलीस दिसला की लावतात. त्या वर्षात रात्रीचा महामार्ग नको. पहिला महिना एखाद्या मोकळ्या मैदानात दोन्ही ब्रेक एकदम लावून थांबण्याचा सराव करावा, कारण आपल्या पोरांना फक्त मागचा ब्रेक माहीत असतो. वर्ष नीट गेले तर पुढच्या गाडीची बोलणी करा, आणि शोरूमला जाताना मुलाच्या दोस्तांना नेऊ नका, मेस्त्रीला न्या.